आईसफील्ड्स पार्कवे एका दिवसात उरकू नका

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की प्रवासाच्या पुरवण्यांतून कॅनडातल्या रॉकी पर्वताची छायाचित्रे झळकू लागतात आणि त्यांच्या जोडीने लेक लुईजपासून जास्परपर्यंत जाणाऱ्या आईसफील्ड्स पार्कवे या रस्त्याचे वर्णनही येते. या रस्त्याविषयी जितके लिहावे तितके थोडेच, असे मानणाऱ्यांपैकी मी आहे. निरनिराळ्या ऋतूंत मोटरहोम, म्हणजे आत राहण्याझोपण्याची सोय असलेली गाडी, चालवत मी या रस्त्याने गेले आहे आणि माझा सर्वांत आवडता रस्ता कोणता, असे कुणी विचारले तर मला क्षणभरही विचार करावा लागत नाही. तरीही या वर्णनांतून वाचकांना जो सल्ला दिला जातो, तो मला दोन ठिकाणी चुकीचा वाटतो. अंतर अवघे २३२ किलोमीटर असल्यामुळे सकाळी निघून संध्याकाळपर्यंत सगळे ‘करून होते’, असे काहीजण लिहितात. तर मोटरहोम भाड्याने घेतली की वाटेल तिथे थांबावे, वाटेल तिथे झोपावे, असे दुसरे काहीजण लिहितात. पहिल्या सल्ल्याने रस्ता पाहायचा राहूनच जातो आणि दुसऱ्याने, दंडाची गोष्ट बाजूला ठेवली तरी, ज्या भूमीच्या ओढीने आपण तिथे जातो तिलाच इजा पोहोचते. मोटरहोमने, मुक्काम करत, पण तिथले नियम मनापासून पाळून केलेला प्रवास कसा असतो, हे आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हा रस्ता मालवाहतुकीसाठी बांधलेलाच नाही, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. बॅन्फ आणि जास्पर या दोन राष्ट्रीय उद्यानांतून तो जातो; त्यांपैकी बॅन्फची सुरुवात १८८५ सालच्या राखीव क्षेत्रातून झाली आणि ते कॅनडाचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले, तर जास्पर १९०७ मधले. रस्ता होण्यापूर्वी इथे घोड्यांच्या काफिल्यांची पायवाट होती आणि एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला कित्येक दिवस लागत. १९३१ मध्ये, जागतिक मंदीच्या काळात, बेरोजगारांच्या हाताला काम मिळावे म्हणून सरकारने दोन्ही टोकांकडून रस्ता खोदायला घेतला आणि १९४० मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. आज या रस्त्यावर अवजड मालमोटारींना बंदी आहे आणि वेगमर्यादा बहुतांशी ताशी ९० किलोमीटर आहे. थोडक्यात, डोंगर पाहत पाहत जाता यावे, याच हेतूने हा रस्ता सांभाळला गेला आहे. त्यावरून घाईने जाणाऱ्याला अडवणारा कुणी नाही, पण मग तो रस्ता निवडण्याचे प्रयोजनच उरत नाही.

दिवसभरात हा रस्ता पाहणाऱ्यांची एक अडचण अशी की ते सगळे एकाच वेळी तिथे असतात. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या सुमारास बसगाड्या यायला लागतात आणि दुपारी तीन-चारपर्यंत पेटो सरोवराच्या वाहनतळात जागा मिळणे मुश्किल होते. लाकडी सज्ज्यावर पाच मिनिटे उभे राहायचे, छायाचित्र घ्यायचे आणि मागच्याला जागा करून द्यायची, एवढाच अवधी मग हाती उरतो. जे रस्त्यावरच रात्र काढतात त्यांच्या वाट्याला मात्र दिवसाची दोन्ही टोके येतात, आणि जून-जुलैत ही टोके फार लांब असतात. सूर्यास्त व्हायला रात्रीचे जवळजवळ दहा वाजतात. बो सरोवरावर पहाटे वारा पडलेला असतो. क्रोफूट, म्हणजे ‘कावळ्याचा पाय’, या पर्वताचे प्रतिबिंब इतके स्थिर असते की त्याच्या अंगावरच्या त्याच नावाच्या हिमनदीच्या उरलेल्या दोन नख्या पाण्यातही वेगवेगळ्या मोजता येतात; तिसरी नखी गेल्या शतकात वितळून गेली आणि कावळ्याच्या पायाशी असलेले साम्य आता केवळ नावापुरते राहिले आहे. साधारण नऊनंतर वारा सुटतो, पाण्यावर बारीक लहरी उठतात आणि ते चित्र पुसले जाते. बस येते तोवर ते उरलेले नसते.

पाण्याच्या रंगाविषयी तर पुष्कळ लिहिले जाते, पण तो रंग दिवसभरात आणि महिन्यागणिक कसा बदलतो हे क्वचितच सांगितले जाते. हिमनदी सरकताना तळाच्या खडकाला घासते आणि त्या घर्षणातून पिठासारखी बारीक भुकटी तयार होते. उन्हाळ्यात बर्फ वितळू लागला की ही भुकटी ओढ्यांवाटे सरोवरात येते आणि तिचे कण इतके सूक्ष्म असतात की तळाशी न बसता पाण्यात तरंगत राहतात; त्यांच्यावरून परतणारा प्रकाश आपल्याला निळा-हिरवा दिसतो. म्हणूनच वसंताच्या अखेरीस बर्फ नुकता फुटलेला असताना पेटो सरोवर गडद निळे असते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये वितळण्याचे काम जोरात सुरू झाले की त्याला दुधाळ हिरवट छटा येते. ज्या बिल पेटो या वाटाड्याचे नाव सरोवराला दिले आहे, तो पुढे बॅन्फ उद्यानाच्या सुरुवातीच्या वनरक्षकांपैकी एक झाला. रस्त्यालगतच्या मुक्कामाच्या तळावर राहणाऱ्या माणसाला तेच पाणी सकाळच्या तिरप्या उन्हात, भर दुपारी आणि ढगाखाली पाहता येते. मुक्कामाच्या बाजूने याहून मोठे कारण मला देता येणार नाही.

आता मोटरहोमविषयी. भाड्याने मिळणाऱ्या मध्यम आकाराच्या मोटरहोम बहुतेक करून फोर्डच्या ई-४५० या सांगाड्यावर बांधलेल्या असतात आणि तिचे कमाल अनुमत वजन १४,५०० पौंड, म्हणजे सुमारे साडेसहा टन असते. साध्या मोटारीच्या तीन-चार पट वजन, त्यावर उंच पेटीसारखा देह, आणि मागच्या चाकांच्या बरेच मागेपर्यंत लोंबणारे शेपूट, अशी ही गाडी असते. उजवीकडे वळताना हे शेपूट डावीकडे फेकले जाते. वाहनतळातून बाहेर पडताना शेजारच्या गाडीला किंवा सूचनाफलकाला धक्का बसतो तो बहुधा याच कारणाने. लेखांमध्ये गाडीतल्या पलंगाचे आणि खिडकीतल्या दृश्याचे वर्णन असते, पण जिच्यावर सगळा प्रवास अवलंबून आहे ती उतारावरची गोष्ट त्यांत कुठेच नसते.

हा रस्ता दोन खिंडी ओलांडतो. दक्षिणेकडची बो खिंड आणि मधली सनवाप्टा खिंड, दोन्ही दोन हजार मीटरहून थोड्या अधिक उंचीच्या. बो खिंडीचा चढ-उतार तसा सौम्य आहे. खरी परीक्षा सनवाप्टाच्या दोन्ही अंगांना होते. उत्तरेकडे कोलंबिया आईसफील्ड या हिमक्षेत्राजवळचे पर्यटक केंद्र ओलांडले की टँगल धबधब्यापर्यंत तीव्र उतार लागतो, आणि दक्षिणेकडे खिंडीतून उतरणारा रस्ता काही किलोमीटरांतच शेकडो मीटर खाली येतो. त्याच्या पायथ्याशी ‘बिग बेंड’ नावाचे ते प्रचंड वळण आहे, जिथे रस्ता दरीच्या तळाशी जवळजवळ उलटा फिरतो. उतरताना समोर उत्तर सस्कॅचवान नदीचे रुंद, खडीने भरलेले पात्र उघडते आणि डोळे नेमके तिकडे जातात. पाय मात्र नकळत ब्रेकवर दाबलेलाच राहतो. साडेसहा टनांचा भार सतत ब्रेकवर रोखून धरला की चकत्या तापतात, जळका वास येतो, आणि उष्णता द्रवापर्यंत पोहोचली की ब्रेक मऊ लागू लागतो. त्या क्षणी वळण जवळ असेल तर करण्यासारखे फारसे काही उरत नाही.

उपाय अगदी साधा आहे, पण तो उतार सुरू होण्याआधी करावा लागतो. खिंडीच्या माथ्यावरच वेग कमी करायचा, गिअरच्या दांडीच्या टोकाला असलेले टो-हॉलचे, म्हणजे जड भारासाठी गाडी खालच्या गिअरमध्ये राखणारे, बटण दाबायचे आणि खालच्या गिअरमध्ये गाडी उतरवायची. चढताना ज्या गिअरची गरज पडली असती साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे, असे जुने चालक सांगतात आणि ते खरे आहे. इंजिनाचा आवाज चढतो, नवख्या माणसाला काहीतरी बिघडल्यासारखे वाटते, पण तो आवाज म्हणजे इंजिन भार पेलत असल्याची खूण असते. वेग वाढतोच आहे असे दिसले तर ब्रेक एकदा नीट दाबून वेग पुरेसा उतरवायचा आणि पाय पूर्ण काढून घ्यायचा, म्हणजे मधल्या वेळात ब्रेक निवतात. मागे मोटारींची रांग लागली तर संकोच न करता पुढच्या थांब्यावर बाजूला व्हावे. या रस्त्यावर असे थांबे जागोजागी आहेत आणि रांगेला वाट करून देण्यात दोन मिनिटांपलीकडे काही जात नाही. मागच्या गाडीच्या दडपणाखाली उतारावर वेग वाढवणे, हे मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये.

निघण्यापूर्वी करायची कामेही याच भाराशी जोडलेली आहेत. पिण्याच्या पाण्याची टाकी काठोकाठ भरून आणि सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या न करता डोंगर चढणारे लोक मी पाहिले आहेत. प्रत्येक लिटर म्हणजे एक किलो, आणि ते वजन चढावर इंधन खाते, उतारावर ब्रेकवर येते. इंधनाचे म्हणाल तर अशी गाडी शंभर किलोमीटरला वीस-पंचवीस लिटर पेट्रोल सहज पिते आणि दोन टोकांच्या मध्ये पंप एकच आहे, सस्कॅचवान रिव्हर क्रॉसिंग इथे, जिथे पूर्वेकडून डेव्हिड थॉम्पसन महामार्ग येऊन मिळतो. हिवाळ्यात तोही बंद असतो. भ्रमणध्वनीचे जाळे वाटेत जवळजवळ नाहीच, तेव्हा नकाशा आणि तळांची माहिती आधीच उतरवून घेतलेली बरी.

मुक्कामाचा प्रश्न यानंतर येतो, आणि गैरसमज सर्वांत जास्त तिथेच आहेत. गाडीच्या काचेवर उद्यानाचा प्रवेशपास लावला म्हणजे रात्री कुठेही गाडी उभी करण्याचा हक्क मिळाला, असे अनेकांना वाटते. तसे अजिबात नाही. सरोवरांकाठची दर्शनस्थळे, पायवाटांचे वाहनतळ, रस्त्याकडेचे थांबे, या सर्व ठिकाणी रात्री झोपायला मनाई आहे; मुक्काम नेमून दिलेल्या तळांवरच करायचा. मॉस्किटो क्रीक, वॉटरफाऊल लेक्स, रॅम्पार्ट क्रीक, विलकॉक्स, हनीमून लेक असे लहान लहान तळ रस्त्यालगत आहेत. त्यांतला वॉटरफाऊल लेक्स मला सर्वांत प्रिय आहे, कारण झाडांमधून दोनशे पावले चालले की माउंट चेफ्रेनचा काळा त्रिकोणी सुळका सरोवरापलीकडे एकदम समोर उभा राहतो आणि संध्याकाळी त्या किनाऱ्यावर बहुधा कुणीही नसते. यांपैकी विलकॉक्स हिमक्षेत्राच्या सर्वांत जवळचा, परंतु चढावर वसलेला आणि आखूड जागांचा. मोठी मोटरहोम घेऊन तिथे जाऊ नये. गाडी निवडताना लोक आतल्या प्रशस्तपणाला भुलतात, पण या रस्त्यासाठी गाडी जितकी आखूड तितके तळ अधिक खुले, हे माझे ठाम मत आहे.

या तळांवर वीज नसते, आणि रात्री थंडी असते. भर जुलैतही पहाटे पाणी गोठावे इतकी. मोटरहोममधला हीटर गॅसवर चालतो खरा, पण गरम हवा फेकणारा त्याचा पंखा गाडीच्या घरगुती बॅटरीवर फिरतो. संध्याकाळभर दिवे लावून बसावे, रात्रभर हीटर तापमान राखण्यासाठी चालू-बंद होत राहावा, आणि पहाटे चारला पंख्याचा आवाज बारीक होत होत थांबावा, असे घडते. मग गॅस भरपूर असूनही गाडी बर्फासारखी गार पडते. दिवसा गाडी चालवली की बॅटरी भरते, त्यामुळे एकाच तळावर सलग राहायचे असेल तर वीज जपून वापरावी, हीटर कमीत कमी तापमानावर ठेवावा आणि जाड पांघरुणे घ्यावीत. जनरेटर लावण्यासाठी तळावर ठराविक तास नेमून दिलेले असतात आणि ते काटेकोरपणे पाळले पाहिजेत, कारण जंगलातल्या शांततेसाठीच शेजारचा माणूसही इतक्या दूर आलेला असतो. गाडी उभी करताना ती समतल आहे ना, हेही पाहावे लागते. चाकांखाली ठोकळे सरकवून तिचा कल काढला नाही तर गॅसवर चालणारा फ्रीज नीट थंड होत नाही, आणि ही गोष्ट सकाळी सगळे नासल्यावरच कळते.

सांडपाण्याविषयी लिहायला लेखक बिचकतात, म्हणून मी स्पष्टच लिहिते. मोटरहोममध्ये शौचालयाची एक आणि धुण्याभांड्यांच्या पाण्याची दुसरी अशा दोन टाक्या असतात, आणि त्या रिकाम्या करण्याची सोय लेक लुईज आणि जास्पर या दोन्ही टोकांना आहे. हातमोजे घालून नळी घट्ट बसवायची, आधी शौचालयाची टाकी मोकळी करायची आणि मग दुसरी, म्हणजे तिच्या पाण्याने नळी धुऊन निघते. दुसऱ्या टाकीतले पाणी ‘साबणाचेच तर आहे’ म्हणून झाडाच्या बुंध्याशी सोडून देणारे प्रवासी भेटतात. त्या पाण्यात अन्नाचे कण असतात आणि त्यांचा वास अस्वलाला आपल्या कल्पनेपलीकडे दुरून येतो. तळावर माणसांजवळ खायला मिळते हे एकदा अस्वलाला कळले की ते पुन्हा पुन्हा येते, धीट होते, आणि अखेर माणसांच्या सुरक्षिततेसाठी त्याला दूर हलवावे लागते किंवा मारावे लागते. म्हणूनच तिथे असा नियम आहे की भांडी, कचरा, शीतपेटी, टूथपेस्ट, कुत्र्याचे खाणे, वास येणारे काहीही बाहेर ठेवायचे नाही; माणूस जवळ नसताना आणि रात्री ते सर्व गाडीच्या आत बंद हवे. मोटरहोमवाल्यांना हा नियम पाळणे तंबूवाल्यांपेक्षा कितीतरी सोपे आहे, आणि तरीही टेबलावर भांडी तशीच टाकून फिरायला गेलेले लोक मी पाहिले आहेत, याचे मला फार वाईट वाटते.

रस्त्यावर प्राणी दिसले की जी झुंबड उडते तीही याच बेफिकिरीतून. माउंट केर्केस्लिनजवळ पहाडी बकऱ्या क्षार चाटायला नदीकाठच्या उतारावर येतात, टँगल धबधब्यापाशी बिगहॉर्न मेंढे थेट डांबरावर उभे असतात, आणि वसंतात बर्फ वितळून रस्त्याकडेला पहिले गवत आणि पिवळी फुले येतात तेव्हा अस्वले तिथे चरताना दिसतात. एल्क, हरीण, मेंढे यांच्यापासून किमान ३० मीटर आणि अस्वल, लांडगे यांच्यापासून किमान १०० मीटर अंतर राखण्यास उद्यान खाते सांगते. प्राण्यांना खायला घालणाऱ्याला किंवा त्यांना त्रास देणाऱ्याला २५,००० कॅनेडियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. मोटरहोमच्या उंच खिडकीतून इतरांपेक्षा चांगले दिसते, तेव्हा खाली उतरण्याची गरजच नाही. वेग कमी करावा, पाहावे आणि पुढे जावे. सात-आठ मीटर लांबीची गाडी वळणावर अर्धी रस्त्यात उभी करणे हा मागून येणाऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे.

आणि आता ज्या हिमक्षेत्रावरून रस्त्याचे नाव पडले, त्याविषयी. कोलंबिया आईसफील्ड दोनशेहून अधिक चौरस किलोमीटर पसरलेले आहे, पण रस्त्यावरून त्याचा वरचा विस्तार दिसत नाही. दिसतात त्या त्यातून खाली ओघळणाऱ्या हिमनद्या. १८९८ मध्ये नॉर्मन कॉली आणि हर्मन वूली हे दोन गिर्यारोहक माउंट अथाबास्काच्या शिखरावर पोहोचले तेव्हा पलीकडे पसरलेला हा बर्फाचा सागर त्यांच्या नजरेस पडला, आणि बाहेरच्या जगाला तो ठाऊक झाला. तिथल्या स्नो डोम या शिखरावरून निघणारे पाणी तीन दिशांना जाते; एक धार पॅसिफिकला, एक आर्क्टिकला आणि एक हडसन उपसागरामार्गे अटलांटिकला. हे ठाऊक असले की त्याच रस्त्यावर लागणाऱ्या नद्यांकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो. दक्षिणेकडे वाहणारी उत्तर सस्कॅचवान आणि उत्तरेकडे वाहणारी सनवाप्टा यांची पात्रे एका खिंडीच्या दोन अंगांना आहेत, आणि गाडी माथा ओलांडते त्या काही मिनिटांत आपण एका महासागराच्या पाणलोटातून दुसऱ्याच्या पाणलोटात शिरतो.

अथाबास्का हिमनदीच्या टोकाकडे जाणाऱ्या पायवाटेवर वर्षे लिहिलेल्या पाट्या आहेत. त्या त्या वर्षी बर्फाची कड कुठे होती, ते त्या दाखवतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ही हिमनदी आज जिथे रस्ता आहे तिथपर्यंत पोहोचलेली होती. गेल्या सव्वाशे वर्षांत ती दीड किलोमीटरहून अधिक मागे हटली आहे. १९९२च्या पाटीपाशी मी दर वेळी थांबते. तिथे पायाखाली करड्या खडकाचा गुळगुळीत, घासलेला पृष्ठभाग आहे, त्यावर हिमनदीने ओढून नेलेल्या दगडांचे समांतर ओरखडे बोटांना जाणवतात, आणि समोर बर्फ कुठे आहे ते पाहायला मान वर करावी लागते. सज्ञान माणसाला स्वतःच्या आठवणीतला काळ असा पावलांनी मोजता येईल, अशी जागा मला दुसरी ठाऊक नाही. अर्ध्या दिवसाच्या सहलीत लोक बर्फावर चालवल्या जाणाऱ्या मोठ्या चाकांच्या बसमधून वर जाऊन येतात आणि ही पायवाट टाळतात. माझ्या मते उलट करावे. टोकाशी लावलेली दोरी मात्र कुणीही ओलांडू नये, कारण पातळ बर्फाखाली भेगा असतात आणि त्यांत पडून माणसे दगावली आहेत.

जास्परच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून लिहायला हवी. जुलै २०२४ मध्ये तिथे भीषण वणवा लागला. २२ तारखेच्या रात्री गाव आणि उद्यान रिकामे करण्यात आले, दोन दिवसांनी आग गावात शिरली आणि सुमारे एक तृतीयांश बांधकामे जळाली. तीस हजारांहून अधिक हेक्टर जंगल आगीच्या तोंडी पडले. पाइन वृक्षांच्या सालीखाली राहणाऱ्या किड्यांनी आधीच पुष्कळ झाडे मारली होती, ती वाळून उभी होती. आता अथाबास्का धबधब्याकडून उत्तरेकडे जाताना काळ्या खोडांची रांग किलोमीटरांमागून किलोमीटर सोबत करते. ‘आता तिथे पाहण्यासारखे काय उरले,’ असा प्रश्न मला विचारला जातो, आणि काही प्रवासी जास्परला न जाता आईसफील्डपासूनच परत फिरतात. मला हे अनाठायी वाटते. लॉजपोल पाइनची बरीचशी फळे राळेने घट्ट मिटलेली असतात आणि आगीच्या धगीनेच उघडून बी सांडतात, त्यामुळे या जंगलाची नवी पिढी जळलेल्या जमिनीतूनच वर येते. हे प्रत्यक्ष पाहायला मिळणे हा प्रवासाचा तोटा नव्हे. शिवाय ज्या गावाची घरे गेली त्याचा चरितार्थच प्रवाशांवर चालतो. जळालेल्या भागातले काही तळ आणि वाटा बंद असू शकतात. जाण्यापूर्वी त्याची चौकशी करावी, पण गाव वगळू नये.

संपादक महोदय, यापुढे आपल्या पुरवणीत या रस्त्यावर लेख छापला जाईल तेव्हा छायाचित्रांच्या शेजारी एक छोटी चौकट द्यावी, अशी विनंती आहे. रस्त्यावर किमान तीन रात्री काढाव्यात, त्यांपैकी एक बो खिंडीच्या आसपास, एक हिमक्षेत्राजवळ आणि एक जास्परच्या बाजूला, एवढे तीत असावे. त्या हंगामात कोणते तळ उघडे आहेत, कोणत्या तळाला आगाऊ आरक्षण लागते आणि कुठे आधी येणाऱ्याला जागा मिळते, सांडपाणी कुठे सोडायचे आणि मधला पंप सुरू आहे की नाही, हेही असावे. पार्क्स कॅनडा या तिथल्या उद्यान खात्याच्या संकेतस्थळावर ही माहिती वेळोवेळी बदलत असते, त्यामुळे लेख छापण्याच्या आठवड्यात ती नव्याने पडताळून घ्यावी लागेल. लेक लुईजजवळच्या मोरेन सरोवराच्या रस्त्यावर २०२३ पासून खासगी वाहनांना प्रवेश नाही, हेही त्यात नमूद करावे. मोटरहोम घेऊन तिथवर गेलेल्यांना परत फिरावे लागते आणि त्यांची सकाळ वाया जाते, पण गाडी तळावर ठेवून आधी आरक्षित केलेल्या बसने गेले तर ते सरोवर निवांत पाहता येते.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक वाचक